‘गुमनाम’मधील वाद्यवृंद : एका नांवाचें प्रामाण्य

राजा नवाथे यांनीं दिग्दर्शित केलेला ‘गुमनाम’ हा बोलपट १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ‘जान पहचान हो’ ह्या गीताच्या प्रसंगीं एक वाद्यवृंद वाजवीत असलेला दिसतो व त्याच्या मोठ्या ढोलावर ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ हें नांव वाचतां येतें. एवढ्या आधारावर तें गीत ह्या वृंदानेंच वाजविलें असें पुष्कळदां समजलें जातें. ह्या समजुतीची छाननी करणें अवश्य वाटतें.

प्रथम गीताच्या वळणाविषयीं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांत १९६१ च्या सुमारास ‘सर्फ’ नांवाचें वादन रूढ झालें. विजेच्या गिटारीच्या तारेवर खालीं-वर अतिद्रुत आघात करावयाचे आणि त्या नादास यंत्रानें घुमारा द्यावयाचा, हें त्याचें लक्षण. त्याचा अग्रणी डिक डेल. त्यानें १९६२ सालीं गाजविलेली ‘मिसिर्लू’ ही चाल मुळांत पूर्व भूमध्य समुद्राकडील आहे. म्हणजे हें ‘पाश्चात्त्य’ वादनहि पूर्वेचें थोडें ऋणी आहेच. शंकर-जयकिशन यांच्या ह्या गीतांतील गिटार त्याच घराण्याची आहे, हें कानांस सहज पटतें.

आतां प्रमाणाकडे वळूं. त्याच प्रसंगांत गाणें ज्याच्या ओठांवर दिसतें तो नृत्यदिग्दर्शक हर्मन बेंजामिन. कंठ मात्र महंमद रफी यांचा. ध्वनिमुद्रण आधीं व चित्रण मागाहून, ही बोलपटांची रीत. ओठांची साक्ष आपण मानीत नाहीं, तर त्याच पडद्यावरील बोटांची कां मानावी? नैयायिकांच्या मतें डोळ्यांस रूप कळतें, शब्द कानांसच कळतो. येथें तो भेद अक्षरशः लागू पडतो.

शंकर-जयकिशन यांच्या मुद्रणांमागें त्यांचा स्वतःचा मोठा वादकसंच असे. दत्ताराम वाडकर ताल सांभाळीत, सेबॅस्टियन डिसोझा पाश्चात्त्य स्वरलिपींत वाद्यांची मांडणी करीत. दोघेहि गोमंतकीय. गोव्यांतील चर्चच्या शाळांत मुलांस स्वरलिपि शिकवीत. ती विद्या घेऊन कित्येक पिढ्या पोटासाठीं मुंबईस आल्या. बैठकीगणिक मोबदला मिळे; तबकडीवर नांव मात्र संगीतकाराचें व गायकाचें. बोलपटाचें ‘गुमनाम’ हें नांव ह्या वादकांसच अधिक शोभतें.

तथापि ढोलावरील नांव निरर्थक नव्हे. निर्मात्यानें तें प्रेक्षकांस वाचूं दिलें, ह्यावरून त्या नांवाला शहरांत कांहीं मोल होतें असें अनुमान निघतें. पडदा त्या वृंदाच्या अस्तित्वाचा पुरावा होय, वादनाचा नव्हे. पुढें १९७० व १९७१ सालीं ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या तबकड्या निघाल्या. त्यांवर वृंदाचें नांव व त्याचाच नाद एकत्र सांपडतो. तसल्या साधनाचें वजन वेगळें.

२००१ सालीं ‘घोस्ट वर्ल्ड’ ह्या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभीं हें गीत दाखविलें गेलें आणि त्याची कीर्ति देशांतराला पोंचली. पडद्यावरील नांवहि तिच्याबरोबर गेलें. मुद्रणांत वाजविणारे मागेंच राहिले. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंतच्या उपनगरांत जुन्या वादकांचीं कुटुंबें आहेत. त्यांच्या पेट्यांतील स्वरलिपीचे कागद, पावत्या व छायाचित्रें रद्दींत जाण्यापूर्वीं मंडळानें त्यांच्या नकला करून घ्याव्या, अशी विनंती आहे.