तळटीप १२ : पक्ष्याच्या घाटाची सुरई

१२. लेखकाने या सुरईला सरसकट ‘इंका भांडे’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. इंका साम्राज्य पंधराव्या शतकातले, ही सुरई पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नाझ्का संस्कृतीतली (साधारण इ. स. १ ते ७००), म्हणजे कितीतरी शतके आधीची. कुंभाराचे चाक स्पॅनिश लोक येण्यापूर्वी दक्षिण अमेरिकेत नव्हतेच. भांड्याची इतकी पातळ भिंत निव्वळ हाताने उभी केलेली आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. नाझ्का सुरईला सहसा दोन निमुळत्या नळ्या आणि त्यांना जोडणारी पट्टीसारखी मूठ असते. पक्षीरूपात पुष्कळदा एका नळीच्या जागी पक्ष्याचे डोके येते. पाणी ओतायचे ते पाठीवरच्या दुसऱ्या नळीतून. पोट फुगीर, पंख मात्र नुसते रंगवलेले.

रंगांची हातोटी खास. आधीचे पाराकास लोक भांडे भाजून झाल्यावर राळेत कालवलेले रंग लावत. ते टिकाऊ नसत. नाझ्का कारागिरांनी खनिज रंग पातळ मातीत कालवून भाजण्याआधीच चढवले आणि पृष्ठभाग घोटून चकचकीत केला. त्यांच्याकडे दहाहून अधिक छटा होत्या. माक्स ऊले या जर्मन संशोधकाने १९०१ मध्ये इका खोऱ्यात उत्खनन करून या शैलीचा माग काढला; पण संग्रहालयांतली बरीच भांडी थडगी लुटणाऱ्यांच्या हातून आलेली असल्याने त्यांचे मूळ ठिकाण सांगता येत नाही. सोबतच्या कृष्णधवल चित्रावर वाचकांनी विसंबू नये. लिमाच्या लार्को संग्रहालयातील अशा भांड्यांची रंगीत छायाचित्रे अवश्य पाहावीत. — संपादक