दार नसलेली टेकाडं

दक्षिण कोरियातल्या ग्योंगजू शहरात वस्तीला लागूनच गवतानं झाकलेली मोठमोठी टेकाडं आहेत. ती सिल्ला राज्याच्या राजघराण्याची थडगी. १९२१ साली एका घराच्या बांधकामासाठी तिथली माती खणताना मणी निघाले, आणि त्यांच्या मागोमाग सोन्याचा मुकुट. तोवर सिल्लाचा असा मुकुट कुणी पाहिलेला नव्हता.

दीड हजार वर्षं तो टिकला तो थडग्याच्या रचनेमुळे. आधी लाकडी खोली उभारायची, तीत शवपेटी आणि मृताच्या वस्तू ठेवायच्या. खोलीवर नदीतल्या गोट्यांची रास, राशीवर चिकणमातीचा लेप आणि वर मातीचा डोंगर. आत जायला दार नाही की वाट नाही. कालांतरानं लाकूड कुजतं, छत खचतं आणि सगळे गोटे आत कोसळतात. चोरानं भुयार खणायला घेतलं, तर दगड त्याच्याच अंगावर येणार.

ही पद्धत आली कुठून? काही अभ्यासक मध्य आशियातल्या अल्ताई पर्वताकडे बोट दाखवतात. तिथल्या भटक्या सरदारांच्या कबरींतही लाकडी खोलीवर दगड रचलेले आढळतात. पण त्या कबरी कितीतरी शतकं आधीच्या. शिवाय लाकडी खोलीत पुरण्याची चाल ग्योंगजूत आधीपासून होतीच. म्हणून चौथ्या शतकात सत्ता एका घराण्याच्या हाती एकवटली, तेव्हा जुन्याच चालीवर दगडांची रास चढली, हे मला अधिक पटतं. मुकुटाचं मात्र वेगळं. पातळ पत्र्याच्या पट्टीवर उभी झाडं, मागे हरणाच्या शिंगांसारखे दोन फाटे, आणि सगळीकडे लोंबणाऱ्या टिकल्या नि हिरवे वक्र मणी. झाड आणि शिंगं पाहिली की सायबेरियातल्या शामानांची, म्हणजे तिथल्या मांत्रिक-पुजाऱ्यांची, आठवण होतेच.

१९७३ साली ह्वांगनामदेचोंग हे सर्वांत मोठं जोडटेकाड उकरायचं ठरलं. लांबी सुमारे १२० मीटर. हात बसावा म्हणून आधी शेजारचं लहान टेकाड घेतलं, तर त्यातच सोन्याचा मुकुट निघाला, आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला, धावता पांढरा घोडाही. त्यावरून त्या थडग्याचं नाव चोनमाचोंग पडलं, म्हणजे दिव्य अश्वाचं थडगं. मोठ्या टेकाडानं तर अभ्यासकांना कोड्यातच टाकलं. दक्षिणेकडे पुरुष होता, त्याच्यापाशी सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याच्या मिश्रधातूचा मुकुट. अस्सल सोन्याचा मुकुट निघाला उत्तरेकडच्या स्त्रीपाशी. सोन्याचा मुकुट म्हणजे राजा, हे समीकरण तिथे मोडलं. मला या साऱ्या ऐवजात हाच शोध सर्वांत मोलाचा वाटतो. भूमध्यसागराकडच्या घडणीची काचेची भांडीही त्याच टेकाडात होती; इतक्या लांबचा माल या दरबारात पोचत होता.

ही सोन्याची रीत जेमतेम दीडशे वर्षं चालली. राजाबरोबर माणसं पुरण्याची प्रथा ५०२ साली राजा जिजुंगनं बंद केली. ५२७च्या सुमारास त्याचा मुलगा बोपहुंग यानं बौद्ध धर्माला राजमान्यता दिली. मग सोनं विहारांकडे आणि स्तूपांकडे वळलं. डोंगरपायथ्याशी दगडी खोल्यांची थडगी बांधली जाऊ लागली आणि त्यांना दार आलं, म्हणजे जोडीदार मागाहून वारला तरी त्याला शेजारी ठेवता येई. चोरांनाही तेच दार सापडलं. त्या खोल्यांपैकी बहुतेक आज रिकाम्या आहेत.