जवापासून जिवाणूपर्यंत

दाणा जास्त झाला की घोडा आजारी पडतो, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. घोड्याने खाणे टाकल्यास मालकाने वेळीच सावध व्हावे, असे सांगताना त्याने ‘क्रिथिआसिस’ म्हणजे जवाच्या अतिसेवनाने होणाऱ्या आजाराचा उल्लेख केला आहे. पण जव तर घोड्याचे अन्न! मग अन्नच विष कसे होते? या प्रश्नाचे उत्तर मिळायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

उत्तराचा एक धागा लंडनच्या धुळीत होता. 1906 साली अँड्र्यूज आणि हॉर्डर या डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंची वर्गवारी केली. त्यांतील एक प्रकार घोड्याच्या लिदीत विपुल होता. रस्ते घोडागाड्यांनी भरलेले, वाळलेली लीद धुळीत मिसळे आणि जिवाणू हवेत पोहोचत. त्याचे नाव पडले ‘स्ट्रेप्टोकॉकस इक्वायनस’. मात्र ते माणसाचे रोग शोधत होते; घोड्याच्या पोटात हा जिवाणू काय करतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

घोडा रवंथ करत नाही. त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अंधनाल नावाची सुमारे 30 लिटरची पिशवी असते. तेथे असंख्य जिवाणू गवतातील सेल्युलोज आंबवतात आणि त्यातून घोड्याला ऊर्जा मिळते. दाण्यातील स्टार्च एरवी लहान आतड्यातच पचतो. दाणा अति झाला की उरलेला स्टार्च अंधनालेत उतरतो.

पुढे काय होते, हे 1970 च्या दशकात अमेरिकेत गार्नर व सहकाऱ्यांनी दाखवले. घोड्यांना भरपूर स्टार्च दिल्यावर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू भराभर वाढले, आम्लता चढली, इतर अनेक जिवाणू मेले आणि घोडे लंगडू लागले. 2000 नंतर ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत जनुकीय तपासणी झाली. तेव्हा सुरुवातीला उसळणारे जिवाणू लंडनच्या त्या जिवाणूच्याच गोतावळ्यातील निघाले. आम्लाने आतड्याचे अस्तर दुखावते, मेलेल्या जिवाणूंचे विषारी अंश रक्तात शिरतात. खुरातील हाड धरून ठेवणारे थर नेमके कसे सुटतात, याचा मात्र पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

‘जंतू म्हणजे शत्रू’ असे आपण वर्गात सहज सांगून जातो. हा जिवाणू तर निरोगी घोड्याच्या पोटातही असतो. तो बाहेरून चालून आला नाही. आपण दिलेल्या चंदीने त्याचे फावले. म्हणूनच घोड्याचा दाणा थोडा थोडा, विभागून द्यावा आणि खुराक बदलायचा तर हळूहळू बदलावा.