मॅलेव्होलन्स, व्यापाद आणि सुप्याचा बाजार

ऱ्हीस डेव्हिड्स व स्टीड यांच्या पालि-इंग्रजी कोशात (१९२१-२५) ‘व्यापाद’ या शब्दाच्या अर्थांत ‘मॅलेव्होलन्स’ हा शब्द दिला आहे. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून ‘वाईट’ आणि ‘इच्छिणारा’ हे त्याचे दोन अवयव होत. मराठी भाषांतरकार येथे बहुधा ‘द्वेष’ लिहून मोकळे होतात. आम्हास ते पुरेसे वाटत नाही. मराठीत आकस, दावा, खुन्नस, डूख अशा छटा आहेत. दुखावलेला साप डूख धरतो असे लोक मानतात. म्हणजे डुखाआधी घाव गृहीत असतो. मॅलेव्होलन्सला घावाची गरज नाही. पालि व्यापादाची कसोटी तर याहूनही नेमकी आहे. सालेय्यक सुत्तात या प्राण्यांचा वध होवो, ते नष्ट होवोत, अशा दूषित संकल्पाच्या चित्ताला ‘व्यापन्न’ म्हटले आहे.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकाने फोडली, वह्या व कर्जरोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. त्याच सुमारास केडगावी एका सावकाराचे घर पेटविले गेले. इंदापूर, शिरूर असे करीत लोण अहमदनगर जिल्ह्यात गेले. पुणे व अहमदनगर मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाली.

घाव जुना होता. इंदापुरात १८३६ पासून लागू झालेल्या तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपताच सारा मोठ्या प्रमाणात वाढला. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, आणि सावकाराने हात आखडला. चौकशी आयोगास आढळले ते असे, की दंगेखोरांचा रोख सर्वत्र रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. कागद निमूटपणे दिले तेथे सावकाराच्या अंगास सहसा धक्का लागला नाही. सावकाराचा विनाश इच्छिणाऱ्या चित्ताने कागद मिळताच पाठ फिरविली नसती. म्हणून बहुतेक ठिकाणी हा डूख होता, व्यापाद नव्हता, असे आमचे मत आहे. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने रोख्यामागचा व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपविले. घाव कोठे होता, हे सरकारनेही एका परीने कबूल केले ते असे.

चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील क्रम येथे पाहण्यासारखा आहे. निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी, मग शस्त्र, हत्या, असत्य. लोभ आणि व्यापाद यांचा उल्लेख त्यानंतर बराच पुढे येतो. व्यापाद तेथे आरंभी नाही.

तथापि कुणब्यांना सरसकट निर्दोष ठरविणे आम्हास मान्य नाही. ज्या गावांत ब्राह्मण व मारवाडी दोघेही सावकारी करीत, तेथे बहुधा मारवाड्यांवरच हल्ला झाला, ही नोंदही त्याच आयोगाची आहे. रोखे दोघांकडेही होते. निवड करताना कागदाऐवजी माणसाची जात आणि त्याचे परकेपण पाहिले गेले, आणि तेवढ्यापुरता आमचा ‘डूख’ हा शब्द अपुरा पडतो.