डोळ्यांची साथ आणि लुळे पडलेले पाय: १९७१ च्या जागतिक साथीतील मुंबईचा अध्याय

साथीच्या रोगांच्या इतिहासात पटकी, प्लेग, देवी आणि इन्फ्लुएन्झा यांना जे मानाचे पान मिळते, ते डोळे येण्याच्या साथीच्या वाट्याला सहसा येत नाही. मृत्यूंची संख्या हेच साथीच्या गांभीर्याचे माप एकदा धरले की आठवड्याभरात आपोआप ओसरणाऱ्या दुखण्याची दखल घेण्याचे कारण उरत नाही. हे माप किती अपुरे आहे हे १९६९ साली पश्चिम आफ्रिकेत सुरू होऊन दोन-तीन वर्षांत आशियाभर पसरलेल्या नेत्रदाहाच्या साथीने दाखवून दिले. त्या साथीचा सर्वांत अनपेक्षित पैलू उजेडात आणण्याचे श्रेय मुंबईतील डॉक्टरांकडे जाते, आणि विशेष म्हणजे ते डॉक्टर नेत्रतज्ज्ञ नव्हते.

डोळ्यांच्या साथी आणि नेत्रवैद्यकाची वाढ यांचा संबंध त्याहून बराच जुना आहे. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत आणि १८०१ च्या ब्रिटिश मोहिमेत उतरलेले सैनिक मायदेशी परतले ते डोळ्यांचा एक चिवट दाह घेऊनच, आणि छावण्यांच्या गर्दीत तो इतका फोफावला की अनेक सैनिकांची दृष्टी कायमची गेली. वाळू, ऊन आणि रात्रीची दमट हवा यांना दोष देणारे वैद्य त्या काळी पुष्कळ होते. जॉन व्हेच या लष्करी शल्यचिकित्सकाने मात्र १८०७ मध्ये पुस्तक लिहून हा रोग संसर्गाने पसरतो, असे प्रतिपादन केले. आजच्या दृष्टीने पाहता ‘इजिप्शियन ऑफ्थॅल्मिया’ म्हणून ओळखला गेलेला हा दाह एक रोग नसून खुपरी आणि इतर जंतुसंसर्ग यांची सरमिसळ होती. याच वातावरणात जॉन कनिंगहॅम सॉन्डर्सने लंडनमध्ये उभारलेला डोळ्यांचा दवाखाना १८०५ मध्ये सुरू झाला. पुढे मूरफील्ड्स या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या या रुग्णालयाच्या धर्तीवर ईस्ट इंडिया कंपनीने १८१९ मध्ये मद्रासला नेत्ररुग्णालय उघडले. भारतातील आधुनिक नेत्रचिकित्सेची एक वाट अशी सैन्यातल्या साथीतून निघालेली आहे.

ही वाट नेहमीच रुग्णाच्या हिताची ठरली असे मात्र म्हणता येत नाही, कारण डोळ्यांच्या साथीत दवाखाना स्वतःच साथीचे केंद्र बनू शकतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२ च्या सुमारास, हवाई बेटांवरील आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जहाजबांधणीच्या गोद्यांत नेत्रदाहाची मोठी साथ उसळली. वेल्डिंग आणि घासकाम करणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांत धातूचे बारीक कण जात, ते काढून घेण्यासाठी कामगार गोदीतल्या दवाखान्यात रांगा लावत, आणि एकाच्या डोळ्याला लागलेला हात, चिमटा किंवा औषधाचा ड्रॉपर पुरेसा स्वच्छ न होता पुढच्याच्या डोळ्याला लागे. कण निघे आणि त्याच्या जागी विषाणू बसे. त्या रोगाचा कारक, म्हणजे ॲडिनोव्हायरसचा आठवा प्रकार, अर्नेस्ट जॉवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये वेगळा केला. पुढील काळात नेत्रतज्ज्ञांना हात आणि उपकरणे यांच्या स्वच्छतेबद्दल जे नियम शिकवले गेले, त्यांत या गोद्यांतील अनुभवाचा मोठा भाग आहे.

१९६९ च्या जून महिन्यात घाना देशाची राजधानी अक्रा येथे दिसू लागलेला नेत्रदाह मात्र या ओळखीच्या साथींपेक्षा निराळा होता. संसर्गानंतर साधारण एका दिवसातच डोळ्यात अचानक खुपू लागे, पाणी गळे, पापण्या सुजत, दुसरा डोळाही लगोलग धरला जाई, आणि डोळ्याचा पांढरा भाग झाकणाऱ्या पातळ, पारदर्शक आवरणाखाली, ज्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात, रक्ताचे ठिपके किंवा मोठे डाग उमटत. या रक्तस्रावामुळे रुग्णाचा चेहरा भेसूर दिसला तरी दृष्टीला सहसा धोका नसे आणि आठवडा-दहा दिवसांत डोळा पूर्ववत होई. चॅटर्जी, क्वारकूपोम आणि अपेंटेंग या तेथील डॉक्टरांनी १९७० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. साथ ऐन भरात असताना, जुलै १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी जगभर गाजत असल्यामुळे लोकांनी या रोगाला ‘अपोलो ११’ असे नाव ठेवले. वैद्यकात तो ‘तीव्र रक्तस्रावी नेत्रदाह’ म्हणून नोंदला गेला.

पुढच्या वर्षी हाच रोग जावा बेटावर आणि सिंगापूरमध्ये आढळला, १९७१ मध्ये तो जपान, तैवान आणि भारत येथे पोहोचला, आणि लंडनमध्ये मूरफील्ड्समध्येही त्याचे रुग्ण दिसले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची संख्या त्या वर्षी एक कोटीच्या घरात गेली होती; पश्चिम बंगालमधील छावण्यांत पाणी, साबण आणि कोरडे कापड यांची वानवा होती, आणि हातातून डोळ्यात व डोळ्यातून हातात जाणाऱ्या संसर्गाला याहून सोयीची परिस्थिती सापडणे कठीण. कलकत्त्यात या साथीला बांग्लादेश मुक्तिलढ्यातील घोषणेवरून ‘जय बांग्ला’ म्हणू लागले. साथीचे खापर निर्वासितांवर फोडणाऱ्या या नावात अन्यायाचा अंश आहे, कारण विषाणू त्याआधीच आग्नेय आशियात फिरत होता आणि एकदा महानगरांत शिरल्यावर त्याला छावण्यांची गरज उरली नव्हती. लोकलचे डबे, चाळी आणि शाळा त्याला पुरेशा होत्या.

प्रयोगशाळांना हा विषाणू सहजी हाती लागला नाही, आणि त्याचे एक कारण मोठे बोलके आहे. मानवी विषाणू वाढवण्यासाठी पेशींची संवर्धने सामान्यतः शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला ठेवली जातात. परंतु डोळ्याचा पृष्ठभाग उघडा असतो, त्यावरील अश्रू सतत वाफेने उडत असतात आणि त्यामुळे तो शरीराच्या आतील भागांपेक्षा थंड राहतो. या थंडाव्याला सरावलेला विषाणू ३३ अंशांच्या आसपासच चांगला वाढे. टोकियो येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रेइसाकू कोनो यांच्या गटाने तो वेगळा करून त्याचा अभ्यास केला, आणि १९७३ मध्ये त्याला ‘एन्टेरोव्हायरस ७०’ हे नाव देण्यात आले. एन्टेरोव्हायरस हा मुख्यतः आतड्यांत वाढणाऱ्या विषाणूंचा गट असून पोलिओचे विषाणू त्याच गटातले आहेत, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. सिंगापूरच्या १९७० च्या साथीतून मात्र दुसराच विषाणू मिळाला, तो कॉक्सॅकी ए-२४ या विषाणूचा एक उपप्रकार होता. दोन्ही विषाणूंचा नेत्रदाह इतका सारखा की नुसत्या तपासणीवरून कोणता कोणाचा हे सांगता येत नसे.

मुंबईत १९७१ मध्ये साथ पसरली तेव्हा नेत्रविभागांनी तिच्याकडे जसे पाहावे तसे पाहिले: गर्दी मोठी, दुखणे किरकोळ, विषाणूवर औषध नाही, म्हणून डोळे स्वच्छ ठेवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा आणि डोळ्याला वारंवार हात लावू नये, एवढाच सल्ला. घरोघरी हळदीच्या पाण्यात भिजवलेले फडके, गुलाबपाणी आणि धण्याचे पाणी चालूच होते. डोळे आलेल्याकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात हा समज तेव्हाही दृढ होता आणि काळ्या चष्म्यांचा खप त्यामुळेच वाढे. चष्म्याने संसर्ग थांबत नाही, फार तर हात डोळ्याकडे जाण्याची सवय थोडी मोडते.

दरम्यान शहरातल्या मज्जाविकार विभागांत एक वेगळाच प्रकार दिसू लागला. धडधाकट, बहुतेक तरुण किंवा मध्यमवयीन पुरुष कंबर आणि पाय यांतील तीव्र कळांची तक्रार घेऊन येत, काही दिवसांत त्यांचे पाय अशक्त होत, उकिडवे बसल्यावर उठता येईनासे होई, जिना चढणे अवघड जाई, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा अधिक लुळा पडलेला असे. गुडघ्याखालच्या शिरेवर लहान हातोडीने टिचकी मारली असता पाय जो झटका देतो तो या रुग्णांत मंदावलेला किंवा नाहीसा झालेला आढळे. संवेदना मात्र बव्हंशी शाबूत असत. पाठीच्या कण्यातून सुई घालून काढलेल्या मेंदू-मज्जाद्रवात दाहाची खूण असलेल्या पेशी वाढलेल्या दिसत. हे चित्र हुबेहूब पोलिओचे होते, पण पोलिओ हा त्या काळच्या भारतात लहान मुलांचा रोग होता. प्रौढांपैकी बहुतेकांना बालपणीच नकळत संसर्ग होऊन प्रतिकारशक्ती आलेली असे. मग तिशी-चाळिशीतल्या माणसांना एकाच हंगामात पोलिओसारखा लुळेपणा का यावा, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर रुग्णांच्या पूर्वेतिहासात सापडले. पाय दुखू लागण्याच्या आधी काही दिवस ते काही आठवडे या रुग्णांचे डोळे येऊन गेले होते. तोवर डोळे पूर्ण बरे झालेले असल्यामुळे रुग्ण आपण होऊन ते सांगण्याची शक्यता कमीच होती. पायांच्या तक्रारीसाठी आलेला माणूस गेल्या पंधरवड्यातले डोळ्यांचे दुखणे कशाला आठवेल? नेत्रविभागाच्या दृष्टीने तो बरा होऊन गेलेला रुग्ण होता आणि मज्जाविभागाच्या दृष्टीने तो नवा रुग्ण होता. दोन विभागांमधली ही फट बुजवणारा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांत जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज येथील डॉ. नोशिर वाडिया आणि केईएम रुग्णालयातील डॉ. एडी भरूचा यांची नावे अग्रभागी आहेत. १९७२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात भरूचा व मोंडकर यांची आणि वाडिया, इराणी व कात्रक यांची अशी दोन स्वतंत्र टिपणे एकाच वेळी प्रसिद्ध झाली. एकाच शहरातील दोन गट एकाच निष्कर्षाला येऊन पोहोचले होते. वाडियांच्या गटाने १९७३ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन करताना त्याला ‘रॅडिक्युलोमायलायटिस’, म्हणजे मज्जारज्जू आणि त्यातून निघणाऱ्या चेतातंतूंची मुळे यांचा दाह, असे म्हटले. योगायोग असा की १९७१ मध्येच वाडिया आणि स्वामी यांनी चालण्यातील तोल जाणाऱ्या एका आनुवंशिक विकारात डोळ्यांची हालचाल असाधारण मंद होते, हे नऊ कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवले होते. मज्जाविकाराची खूण डोळ्यांत शोधण्याची सवय या विभागाला होतीच.

पूर्वेतिहासातील योग हा पुरावा नव्हे, याची जाणीव या डॉक्टरांना होती. साथीत लाखो लोकांचे डोळे आलेले असताना त्यांपैकी काहींचे पाय अन्य कारणाने लुळे पडले, असेही कोणी म्हणू शकले असते. म्हणून मुंबईतील रुग्णांच्या रक्ताचे नमुने टोकियोत कोनो यांच्याकडे तपासले गेले. त्या चाचणीचे तत्त्व असे की रुग्णाचा रक्तद्रव विषाणूत मिसळून तो पेशींवर सोडला असता त्या पेशी वाचल्या, तर त्या रक्तद्रवात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आहेत, म्हणजेच रुग्णाला त्या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला आहे. दोन्ही शहरांतील संशोधकांचा संयुक्त लेख १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या विकाराला रक्तपरीक्षेचा आधार मिळाला. त्याआधी, १९७३ मध्ये, हा विषाणू माकडांच्या मज्जासंस्थेला इजा करतो हे कोनो यांनी प्रयोगाने दाखवलेच होते. डोळ्यांच्या थंडाव्यात वाढणारा विषाणू अखेर पोलिओच्या विषाणूचा भाऊबंद निघाला.

अशी गुंतागुंत साधारणपणे दहा ते पंधरा हजार नेत्ररुग्णांत एखाद्यालाच होते, असा अंदाज पुढे मांडला गेला. हे प्रमाण नगण्य वाटते ते दवाखान्यातल्या एकेका डॉक्टरच्या दृष्टीने. त्याच्या आयुष्यात असा एकही रुग्ण न येणे शक्य आहे. लक्षावधी लोकांच्या महानगरात मात्र त्याच प्रमाणाचा अर्थ कायमचे अधू झालेले कमावते पुरुष असा होतो, कारण अनेकांच्या पायांतील शक्ती पूर्णपणे परत आली नाही आणि मांड्यांचे स्नायू रोडावले ते रोडावलेच. १९८१ मध्ये हा विषाणू पुन्हा उसळला, अमेरिका खंडातही पोहोचला आणि मुंबईतही परतला. या वेळी डॉक्टरांना काय शोधायचे ते ठाऊक होते. वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विकारावरील महत्त्वाच्या संदर्भांपैकी आहे.

नेत्रसेवेच्या बाजूने या काळात मोठी क्रांती झाली नाही, आणि व्हायला नवे औषधही नव्हते. साथीच्या दिवसांत लाल डोळ्याच्या रुग्णांची बसण्याची जागा वेगळी करावी, डोळ्याचा दाब मोजणारे उपकरण प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करावे, थेंबांची बाटली अनेकांत वापरू नये आणि स्टेरॉइडचे थेंब सरसकट देऊ नयेत, हे जुनेच नियम नव्याने बजावले गेले. कोविडच्या साथीत याच शिस्तीत आणखी एक भर पडली. वूहान येथील नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांचा फेब्रुवारी २०२० मध्ये मृत्यू झाल्यानंतर, डोळा तपासताना डॉक्टर आणि रुग्ण यांचे चेहरे एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात, या गोष्टीकडे सर्वांचे लक्ष गेले आणि तपासणीच्या सूक्ष्मदर्शकावर श्वास अडवणारे पारदर्शक पत्रे लागले.

एन्टेरोव्हायरस ७० अलीकडच्या साथींत क्वचितच सापडतो; अलीकडच्या अनेक रक्तस्रावी साथींत कॉक्सॅकी ए-२४ चा उपप्रकारच आढळला असून त्याने लुळेपणा येण्याचे प्रमाण अत्यल्प आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत आणि नंतर राज्यात इतरत्र डोळ्यांची साथ आली तेव्हा नमुन्यांची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. अचानक येणाऱ्या लुळेपणाची नोंद ठेवणारी देशातील सर्वांत मोठी यंत्रणा १९९७ पासून पोलिओ निर्मूलनासाठी उभी राहिली, आणि तिचा भर पंधरा वर्षांखालील मुलांवर आहे. १९७१ मध्ये मुंबईच्या रुग्णालयांत आलेले रुग्ण मात्र बव्हंशी प्रौढ होते. तसा रुग्ण आज आला तर त्याची नोंद होणे हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरने गेल्या महिन्यात डोळे आले होते का, असे विचारण्यावरच अवलंबून राहील.