मुलीला पाठवता का?

अमेरिकेत ऑलिंपिकचा धावपटू घडतो तो बहुधा कॉलेजात. आपल्याकडे चांगलं धावणाऱ्या पोराला रेल्वे, पोलीस नाहीतर लष्कर नोकरी देतं आणि त्या पगारावर तो धावतो. तिकडे तो शाळेत असतानाच कॉलेजांचे प्रशिक्षक त्याच्या वेळा टिपू लागतात. पुढे ते घरी येतात, आई-वडिलांशी बोलतात आणि फी, राहणं, जेवण यांचा सगळा किंवा काही भार कॉलेज उचलेल असं सांगतात. दिल्लीच्या शाळेत शिकलेला आपला उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०१७ मध्ये असाच कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला आणि २०१८ व २०२२ मध्ये अमेरिकेचा आंतरविद्यापीठ विजेता झाला. २०२५ पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. म्हणजे आता हा उघड व्यवहारच झाला आहे.

याला ते ‘रिक्रूट’ करणं म्हणतात. आपण त्याला भरती म्हणू, पण भरती म्हटलं की बराकी आठवतात. मला ‘हेरणं’ हा शब्द जवळचा वाटतो. बैलबाजारात जाणता शेतकरी शंभर खोंडांतून एक हेरतो, तसं. या हेरण्याचा जो इतिहास मला सांगायचा आहे, त्यात देण्यासारखं हेरणाऱ्याकडे फारसं काहीच नव्हतं. आणि जिला हेरायचं, ती मुलगी होती. काळी होती, गरीब होती.

आधी एका मुलाची गोष्ट. जेसी ओवेन्स १९३३ मध्ये क्लीव्हलँडच्या शाळेत शिकत होता. शिकागोच्या शालेय स्पर्धेत शंभर यार्ड तो ९.४ सेकंदांत धावला. ही तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी होती. साहजिकच कॉलेजं त्याच्यामागे लागली. तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. शिष्यवृत्ती मिळाली नाही. तो सरकारी इमारतीत मालवाहू लिफ्ट चालवून शिकला आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात काळ्या मुलांना जागा नसल्यामुळे बाहेर राहिला. तीन वर्षांनी बर्लिनला त्यानं चार सुवर्णपदकं घेतली. जगातल्या सगळ्यांत वेगवान मुलाची ही कथा असेल, तर मुलींकडे कोण बघणार?

मुलींसाठी बहुतेक मोठ्या विद्यापीठांत संघच नव्हते. धावण्यानं बाईचं शरीर बिघडतं, हे तेव्हा शिकली-सवरलेली माणसं, एवढंच काय, शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बायकाही म्हणत. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, शर्यत संपल्यावर काही जणी धापा टाकताना दिसल्या आणि ती शर्यतच बंद झाली. पुन्हा सुरू व्हायला १९६० साल उजाडलं. पुरुष धापा टाकतात तेव्हा त्याला झुंज म्हणतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

दार किलकिलं झालं ते काळ्यांच्या कॉलेजांत. अलाबामातली टस्कीगी ही संस्था बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून उभी केली. त्यांचं नाव मराठी वाचकाला नवं नाही. तिथले क्रीडाप्रमुख क्लीव्ह ॲबट यांनी १९२७ मध्ये टस्कीगी रिलेज ही स्पर्धा सुरू केली आणि दोनच वर्षांनी तिच्यात मुलींच्या शर्यती घेतल्या. दक्षिणेतल्या शाळांमधल्या मुली तिथे येत आणि ॲबट त्यांच्यातून हेरत. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावची ॲलिस कोचमन त्यांपैकी एक. अनवाणी धावायची, दोऱ्या आणि काठ्या बांधून उड्या मारायची. मुलीच्या जातीला हे शोभत नाही म्हणून बापाचा मारही खायची. १९३९ मध्ये टस्कीगीनं तिला बोलावलं. शिष्यवृत्ती दिली, पण ती फुकट नव्हती. व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव साफ करायचा, मुलांच्या फुटबॉल संघाचे गणवेश शिवायचे. लढाईमुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. म्हणजे तिची ऐन उमेदीची वर्षं गेली. तरी १९४८ मध्ये लंडनला उंच उडीत तिनं सुवर्णपदक घेतलं. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी जगातली ती पहिली काळी स्त्री.

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळं बोलते आहे त्या माणसाकडे येते. एड टेंपल. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचा हा धावपटू, नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या काळ्यांच्या कॉलेजानं त्यालाही असंच हेरून आणलं होतं. १९५० मध्ये पदवी झाली तेव्हा कॉलेजनं विचारलं, पुढचं शिक्षण घेता घेता इथेच काम करतोस का? महिना दीडशे डॉलर. त्यात कॉलेजचं पोस्ट ऑफिस सांभाळायचं आणि मुलींना धावणं शिकवायचं. पुढे ते समाजशास्त्रही शिकवू लागले. धावपट्टी मातीची आणि तीही धड पूर्ण नसलेली. अशा जागी त्यांनी ‘टायगरबेल्स’ नावाचा संघ उभा केला. त्यांची पहिली मोठी धावपटू मे फॅग्ज न्यूयॉर्कहून आली. १९५२ मध्ये हेलसिंकीला आपले खाशाबा जाधव कुस्तीत ब्राँझ जिंकले, ज्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, त्याच ऑलिंपिकमध्ये मे फॅग्ज रिलेचं सुवर्ण घेऊन आली आणि त्याच वर्षी टेंपल यांच्याकडे दाखल झाली.

टेंपल यांच्याकडे खेळाडूंसाठी शिष्यवृत्ती नव्हती. होती ती कामाच्या बदल्यात मदत. मुलीनं रोज दोन तास कॉलेजात काहीतरी काम करायचं, त्यातून तिचा खर्च भागायचा. अभ्यास, काम आणि सराव, तिन्ही एकाच दिवसात. मग मुली यायच्या कशा? टेंपल यांनी उन्हाळी शिबिर सुरू केलं. शाळेत शिकणाऱ्या मुली हेरायच्या, सुटीत महिनाभर कॉलेजात आणायच्या, पहाटे पाचपासून दिवसातून तीनदा पळवायच्या. ज्या टिकतील त्यांना शाळा संपल्यावर कॉलेजात घ्यायचं.

विल्मा रुडॉल्फ त्यांना दिसली ती बास्केटबॉलच्या मैदानावर. टेंपल शालेय सामन्यांत पंच म्हणून जात. क्लार्क्सव्हिलच्या बर्ट हायस्कूलची ही लांब पायांची मुलगी त्यांच्या नजरेत भरली. ती बापाच्या बावीस मुलांतली विसावी. लहानपणी पोलिओ झालेला, पायाला लोखंडी आधार. आई तिला बसनं ऐंशी किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला, मेहॅरी या काळ्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयात उपचाराला नेई. बसमध्ये अर्थातच मागच्या बाकावर. त्याच शहरात आता कुणी परका पुरुष मुलीला महिनाभर धावायला पाठवा म्हणत होता.

इथे मला थोडं थांबायचं आहे. विक्रमांच्या पुस्तकात सेकंद असतात, पण आई-बाप ‘हो’ कसे म्हणाले ते नसतं. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, घरात पैसा नाही, दक्षिणेतला तो काळ, जिथे काळ्या मुलीला रस्त्यावर काही झालं तर दाद मागायची सोय नाही. टेंपल यांच्याजवळ दाखवायला एकच गोष्ट होती, त्यांची शिस्त. माझ्याकडे मुलींनी मुलांच्या गाडीत बसायचं नाही. सरावाला उशीर चालणार नाही. आधी पदवी, मग पदक. आणि आधी सभ्य बाई, मग धावपटू. शर्यत संपवून बातमीदारांसमोर जाण्याआधी केस नीट करा, चेहरा पुसा, असं ते मुलींना बजावत. बाई धावली की पुरुषी होते म्हणणाऱ्या जगाला ते तसं उत्तर देत होते.

आज हे वाचताना कुणालाही टोचेल. मलाही टोचतं. मुलांच्या संघाला केस विंचरायला कुणी सांगत नव्हतं. पण मी बीए झाले ती एका कडक रेक्टरबाईंमुळे. आमच्या गावात मुलींसाठी दहावीनंतर काही नव्हतं. अब्बा माझ्याबरोबर शहरातलं वसतिगृह बघायला आले. त्यांनी ना खोल्या बघितल्या, ना वाचनालय. बाहेर जाणाऱ्या मुलींच्या सह्यांची वही बघितली, संध्याकाळी सातला फाटक बंद होतं ना, हे दोनदा विचारलं आणि म्हणाले, ‘‘ठेवा हिला.’’ त्या फाटकाचा आम्ही मुली तीन वर्षं राग राग केला. ते फाटक नसतं तर मी आत आले नसते, हेही तितकंच खरं. टेंपल यांच्या नियमांकडे मी म्हणूनच नुसतं आजच्या डोळ्यांनी बघू शकत नाही. कैदही तीच आणि किल्लीही तीच, असं आमच्या पिढीतल्या अनेकींच्या वाट्याला आलं आहे.

विल्मा सुरुवातीला टस्कीगीच्या स्पर्धेत सपाटून हरली. १९५६ मध्ये मेलबर्नला गेली तेव्हा सोळा वर्षांची होती, शाळेतच होती. रिलेत ब्राँझ मिळालं आणि त्या चारही मुली टेंपल यांच्याच होत्या. मग शाळेच्या शेवटच्या वर्षी तिला दिवस गेले. १९५८ मध्ये मुलगी झाली. टेंपल यांचा नियम होता, मूल असलेली मुलगी संघात नको. खरी परीक्षा इथे होती, विल्माची नव्हे, नियमाची. टेंपल यांनी नियम बाजूला ठेवला. बाळाला घरच्यांनी सांभाळलं आणि विल्मा त्याच वर्षी कॉलेजात दाखल झाली. बाकी सवलत मात्र शून्य. उशिराच्या दर मिनिटाला एक फेरी, हा दंड होता. एकदा ती अर्धा तास उशिरा उठली आणि तीस फेऱ्या धावली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन बसली.

प्रवासाचं सांगायलाच हवं. टेंपल मुलींना गाडीत घालून स्वतः चालवत न्यायचे. वाटेतल्या खाणावळी काळ्यांना वाढत नसत, म्हणून डबे बरोबर. पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह उघडत नसत, म्हणून गाडी शेताकडेला थांबायची. या मुली १९६० मध्ये रोमला गेल्या. विल्मानं शंभर मीटर, दोनशे मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णं घेतली. रिलेतल्या चारही पुन्हा टायगरबेल्स. गावी क्लार्क्सव्हिलला मिरवणूक ठरली, तेव्हा काळ्यांची वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी असेल तर मी येणार नाही, असं तिनं कळवलं. त्या गावात काळे-गोरे एकत्र आलेला तो पहिला सोहळा. १९६३ मध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि मुलांना शिकवू लागली.

वायोमिया टायस हिची कथा इतकी गाजली नाही. जॉर्जियातल्या ग्रिफिनची. वडील दुधाच्या डेअरीवर कामाला, आई लाँड्रीत. तीन भावांच्या पाठीवरची ही मुलगी. ती पंधरा वर्षांची असताना वडील गेले आणि ती अबोल झाली. फोर्ट व्हॅलीच्या शालेय स्पर्धेत टेंपल यांनी तिला पाहिलं. ती तिथली सर्वांत वेगवान मुलगी नव्हती. हेरणाऱ्याला काय दिसतं ते हेच. १९६४ मध्ये टोकियोला शंभर मीटरचं सुवर्ण तिनं आपल्याच संघातल्या ईडिथ मॅग्वायरला मागे टाकून घेतलं आणि १९६८ मध्ये मेक्सिकोला विश्वविक्रमासह पुन्हा तेच सुवर्ण. शंभर मीटर लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये जिंकणारी ती जगातली पहिली व्यक्ती, बाई आणि पुरुष दोघांत. तरी त्या ऑलिंपिकचं चित्र म्हणून आपल्याला आठवतात ते मुठी वर केलेले टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस. टायसनं रिलेतलं आपलं पदक त्या दोघांना अर्पण केलं होतं.

१९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, ‘टायटल नाइन’. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही. हळूहळू मोठ्या विद्यापीठांनी मुलींचे संघ काढले, त्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठानं १९७० च्या दशकातच ईव्हलिन ॲशफर्डला शिष्यवृत्ती देऊन नेलं. १९८४ मध्ये तिनं शंभर मीटर जिंकली. मुलींना अखेर न्याय मिळाला आणि त्याच न्यायानं टेंपल यांचा मळा ओस पडू लागला. गुळगुळीत धावपट्टी, पूर्ण खर्च, मोठं नाव हे सगळं समोर असताना दोन तास काम करायला नॅशव्हिलला कोण येणार? जी दारं काळ्या मुलींना बंद होती तोवर ज्यांनी त्यांना आसरा दिला, ती काळ्यांची कॉलेजं दारं उघडल्यावर मागे पडली. यात दोष कुणाचाच काढता येत नाही, पण मला ते लागतं.

टेंपल १९९४ मध्ये निवृत्त झाले. चव्वेचाळीस वर्षांत त्यांच्या चाळीस मुली ऑलिंपिकला गेल्या, त्यांनी २३ पदकं आणली, त्यांतली १३ सुवर्णं. चाळिसांपैकी ३९ जणींनी पदवी पूर्ण केली, आणि टेंपल मुलाखतींत पदकांपेक्षा हा आकडा आवर्जून सांगत. त्यांच्या जागी आली चँड्रा चीजबरो, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची, शेवटच्या मोठ्या टायगरबेल्सपैकी एक. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला तिनं दोन रिलेंची सुवर्णं आणि चारशे मीटरचं रौप्य घेतलं होतं. आता शाळांच्या मैदानांवर उभं राहून वेळा टिपायच्या आणि कुणाच्या तरी घरात आई-बापांसमोर बसून मुलीला पाठवता का म्हणून विचारायचं, ही पाळी तिची होती.