पंप, ग्रास कटर, जुनी लुना : ठिणगी देणारा मॅग्नेटो कसा निवडाल, कसा सांभाळाल?

चंद्रपूर/गडचिरोली : धानावर तुडतुडा चढलाय, औषध कालवून ठेवलंय आणि पेट्रोलचा फवारणी पंप दोरी ओढून ओढून सुरूच होत नाही. झाडीपट्टीत हा अनुभव बऱ्याच शेतकऱ्यांना असेल. पेट्रोल आहे, कार्बोरेटर साफ आहे, तरी इंजिन गप्प असेल तर मॅग्नेटोकडे बघा. आपल्याकडे मिस्त्री त्याला नुसतं 'मॅग्नेट' म्हणतात.

मॅग्नेटो म्हणजे काय?
बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. फ्लायव्हीलमधले चुंबक कॉइलजवळून फिरतात, कॉइलमध्ये करंट तयार होतो. तो नेमक्या वेळी तोडला की हजारो व्होल्टचा झटका प्लगला मिळतो. जुन्या इंजिनात हे काम पॉइंट आणि कंडेन्सर करतात, नव्यात इलेक्ट्रॉनिक कॉइल.

जर्मनीच्या बॉश कंपनीने 1902 मध्ये जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणला आणि जुन्या मोटारी त्यावर धावल्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या फ्लायव्हीलवर 16 चुंबक होते. पुढे मोटारी बॅटरीवर गेल्या. मॅग्नेटो मात्र 1972 मध्ये आलेल्या लुनात राहिला. बोडीवरच्या रॉकेल इंजिनात, ग्रास कटरमध्ये आणि फवारणी पंपात तो आजही आहे.

आधी ठिणगी तपासा
- प्लग काढून कॅपला लावा. प्लगची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि दोरी ओढा. जवळ सांडलेलं पेट्रोल नको. प्लगचं भोक फडक्याने झाका, कॅप रबरी पकडीने धरा.
- ठिणगी निळी, कडक असेल तर मॅग्नेटो ठीक आहे. पिवळी, बारीक असेल तर तो कमजोर आहे.
- ठिणगीच नसेल तर आधी दुसरा प्लग लावून बघा. मग बंद करायच्या स्विचची वायर कॉइलपासून सोडा. ती घासून बॉडीला लागली की करंट तिथेच जातो. गोठ्यात ठेवलेल्या मशीनची वायर उंदीरही कुरतडतात.
- इंजिन गरम झालं की बंद आणि थंड झालं की सुरू, असं होत असेल तर बहुतेक वेळा कॉइल किंवा कंडेन्सर गेलेला असतो.

प्लग मोकळा ठेवून कॅप हवेत लोंबकळत असताना दोरी ओढू नका. कॉइल जळू शकते.

गॅप किती ठेवायची?
- पॉइंट : साधारण 0.35 ते 0.45 मिमी.
- प्लग : ग्रास कटर, फवारणी पंपाला 0.6 ते 0.7 मिमी. हॅक्सॉ ब्लेडची जाडी साधारण एवढीच असते.
- बाहेरची कॉइल आणि फ्लायव्हील : 0.25 ते 0.4 मिमी. कॉइलचे स्क्रू ढिले करा, मध्ये जाड व्हिजिटिंग कार्ड ठेवा, चुंबक कॉइल ओढून घेईल, मग स्क्रू कसा आणि कार्ड काढा.

मशीनसोबत पुस्तक असेल तर त्यातलाच आकडा खरा.

विकत घेताना
1. जुनी कॉइल सोबत न्या. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि वायरची जागा जुळवून बघा. मॉडेल नंबर लिहून न्या.
2. जुनं फ्लायव्हील घेत असाल तर चुंबकाला पाना लावून बघा. तो जोरात चिकटला पाहिजे. चुंबकाला तडा किंवा चावीच्या खाचेला झीज असेल तर घेऊ नका. चावी कापली गेली की टायमिंग बिघडतं, दोरी उलटा झटका देते आणि हात दुखावतो.
3. बिल घ्या. जमलं तर दुकानातच लावून ठिणगी बघा.

सांभाळायचं कसं?
- फ्लायव्हील पुलरनेच काढा. हातोडीने ठोकलं तर चुंबक फुटतो, शाफ्टही खराब होतो.
- पॉइंट काळे पडले तर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा, मग कोरडा जाड कागद मधून ओढा. बोट लावू नका, तेलकटपणा ठिणगी मारतो.
- हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा.

पुरात बुडालं तर?
ऑगस्ट 2020 च्या पुरात वैनगंगेकाठी ब्रह्मपुरीसह अनेक भागांत शेतं पाण्याखाली गेली. इंजिन असं बुडालं असेल तर लगेच दोरी ओढू नका. प्लग काढून आतलं पाणी निथळू द्या, तेल बदला. फ्लायव्हील काढून गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, चुंबकावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा. चुलीजवळ वाळवू नका, कॉइलचं आवरण वितळतं.

रोवणीच्या आधी एकदा ठिणगी तपासून घ्या. एक जास्तीचा प्लग आणि प्लगपाना घरात असू द्या. ऐन फवारणीच्या दिवशी मूल, वडसा किंवा आरमोरीची चक्कर वाचेल आणि धानही.